एक पडलेला दात, दोन स्क्रू

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लागतो आणि एका काठावर पांढुर्णा तर दुसऱ्या काठावर सावरगाव अशी दगडफेकीची गोटमार सुरू होते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत जखमींचा आकडा असतो, नागपूरला किती हलवले ते असतं. डोकं, डोळा, हाताचं हाड यांचा उल्लेख होतो. दात क्वचितच बातमीत येतो. पण तोंडावर मार बसला की, मग तो दगडाचा असो, मोटारसायकलवरून पडल्याचा असो की कबड्डीतल्या कोपराचा, सगळ्यात आधी जातो तो वरचा पुढचा दात. तो चेहऱ्याच्या मधोमध, थोडा पुढे आलेला असतो आणि त्याच्या पुढची हाडाची भिंत कागदासारखी पातळ असते.

तो मुळासकट बाहेर पडला असेल तर या प्रकरणातला सगळ्यात कामाचा सल्ला आधीच देऊन टाकतो, कारण पुढची बरीचशी चर्चा तो न पाळल्यामुळे करावी लागते. दात शोधा. पांढऱ्या बाजूने उचला, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर क्षणभर पाण्याखाली धरा, पण घासू नका. हिंमत असेल तर तिथल्या तिथे त्याच खोबणीत बसवा आणि स्वच्छ रुमाल हलकेच चावून धरा. नसेल तर कपभर दुधात टाका आणि दाताच्या डॉक्टरकडे धावा. मुळाभोवती जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. कोरड्यात तो अर्ध्या-पाऊण तासात मरू लागतो, दुधात काही तास तग धरतो. वेळेत परत बसवलेला दात शेजारच्या दातांना बारीक तारेने दोनेक आठवडे बांधून ठेवतात, बहुतेकांना नंतर रूट कॅनाल लागतं, आणि असा दात पुढे कित्येक वर्षं साथ देऊ शकतो. कागदात गुंडाळून, खिशात घालून नागपूरला नेलेला दात मात्र बहुधा कामातून गेलेला असतो. हे सगळं पक्क्या दातांचं. लहान मुलाचा दुधाचा दात पडला तर तो परत बसवत नाहीत.

दात गेलाच, सापडलाच नाही, तर पुढचा प्रश्न वयाचा. नदीत पुढे धावणाऱ्यांत मिसरूडही न फुटलेले काही असतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन वडील विचारतात, "डॉक्टरसाहेब, पक्का दात बसवून द्या, पैशांचं पाहून घेऊ." पैशांनी हे काम होत नाही. जबडा अजून वाढत असतो. नैसर्गिक दात त्या वाढीबरोबर हाडासकट सरकत जातात. इम्प्लांटचा स्क्रू मात्र हाडात जिथे रोवला तिथेच राहतो. बहर धरलेल्या संत्र्याला बांबूचे टेके दिलेले असतात ना, तसंच: झाड उंच होतं, टेका होत नाही. काही वर्षांनी त्या स्क्रूवरचा दात शेजाऱ्यांपेक्षा आखूड, वर अडकल्यासारखा दिसू लागतो. म्हणून मुलींमध्ये साधारण अठरा आणि मुलांमध्ये वीस-एकवीस वर्षांपर्यंत थांबावं लागतं. तोवर काढ-घाल करायचा दात, किंवा शेजारच्या दाताला मागून चिकटवलेला पंखवाला दात वापरतात. थांबण्याचीही किंमत असतेच. दात गेल्यावर रिकाम्या खोबणीचं हाड आक्रसतं. पहिल्या वर्षातच त्याची जाडी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातला मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत जातो. म्हणून पाच-सात वर्षांनी आलेल्या माणसाला आधी हाड भरण्याची शस्त्रक्रिया सांगितली जाते.

आता समजा माणूस जाणता आहे, हाड पुरेसं आहे आणि इम्प्लांट करायचं ठरलं आहे. मग हल्ली एक नवा प्रश्न येतो: धातूचा बसवायचा की सिरॅमिकचा?

इथे एक घोटाळा आधी सोडवायला हवा. इम्प्लांट म्हणजे दात नव्हे, दाताचं मूळ. हाडात जाणारा स्क्रू, त्यावर बसणारा जोडतुकडा आणि सगळ्यात वर दिसणारी कॅप असे त्याचे तीन भाग. "मी झिरकोनियाचा दात बसवला" असं सांगणाऱ्या बहुतेकांच्या तोंडात झिरकोनियाची असते ती फक्त कॅप. वॉरंटी कार्डही कॅपचंच असतं. खालचा स्क्रू टायटॅनियमचाच असतो, आणि त्यात काही चूक नाही. पण तुलना करायची तर ती हाडातल्या स्क्रूची करायची. एका दवाखान्याचं कॅपचं दरपत्रक आणि दुसऱ्याचं पूर्ण इम्प्लांटचं दरपत्रक शेजारी ठेवून 'सिरॅमिक स्वस्त निघालं' असं ठरवणारेही भेटतात.

टायटॅनियम दातांत आलं ते दातांच्या शोधात नव्हे. १९५२ साली स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून आतला रक्तप्रवाह सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. काम झाल्यावर नळी काढायला गेले, तर ती निघेना. हाड धातूला थेट चिकटलं होतं, मध्ये मांसाचा धागासुद्धा नव्हता. तोपर्यंतचं शिक्षण असं होतं की शरीर परक्या वस्तूभोवती जाळं विणतं आणि ती सैल करतं. १९६५ साली त्यांनी यॉस्टा लार्सन या, जन्मतःच जबड्यात दोष असलेल्या माणसाच्या खालच्या जबड्यात असे चार स्क्रू बसवले. लार्सन २००६ साली वारले तेव्हा चाळीस वर्षांहून अधिक काळ ते स्क्रू काम करत होते. तरी इतर देशांतल्या दंतवैद्यांना हे पटायला १९८२ ची टोरोंटोची परिषद उजाडावी लागली. आधीच्या पिढीने तोंडात नाना तऱ्हेच्या पट्ट्या आणि पाती बसवून हात पोळून घेतले होते. त्यांचा संशय मला तरी समजतो.

हाड टायटॅनियमला का चिकटतं? या प्रश्नाचं उत्तर कळलं की धातू विरुद्ध सिरॅमिक या भांडणातली अर्धी हवा जाते. टायटॅनियम हवेत उघडं पडलं की क्षणार्धात त्याच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढतो. जाडी अवघी काही नॅनोमीटर, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ओरखडा पडला तर थर पुन्हा तयार होतो. हाडाच्या पेशींची गाठ पडते ती या थराशी, आतल्या धातूशी नाही. आणि हा थर म्हणजे धातूचं ऑक्साइड, म्हणजेच एक सिरॅमिक. दुसरीकडे सिरॅमिक इम्प्लांट ज्याचा बनतो ते झिरकोनिया म्हणजे झिर्कोनियम या धातूचं ऑक्साइड. पांढुर्ण्याशेजारच्या सौंसरच्या माणसाला हा फरक वेगळा समजावायला नको. गोवारी वाढोणा किंवा सीतापारच्या खाणीतून निघणारा काळा दगड म्हणजे मॅंगनीज धातू नव्हे. त्यात मुख्यतः त्या धातूची ऑक्साइडं असतात, आणि धातू त्यातून भट्टीत काढावा लागतो. (मध्य भारतातल्या मॅंगनीजवाहक खडकांच्या अख्ख्या मालिकेला भूशास्त्रात 'सौंसर समूह' म्हणतात. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ फर्मर यांनी तर सीतापारच्या नावावरून 'सीतापाराइट' हे खनिजही नोंदवलं होतं. ते आधीच माहीत असलेलं बिक्सबाइट आहे असं पुढे ठरलं.)

टायटॅनियम आणि झिर्कोनियम यांचं नातंही जवळचं आहे. आवर्तसारणीत ते एकाच गटात, एकाखाली एक बसतात. बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ क्लापरोट यांनी १७८९ साली श्रीलंकेतल्या झिरकॉन खड्यांमध्ये झिर्कोनियम ओळखलं. टायटॅनियमचा माग इंग्लंडमध्ये ग्रेगर यांना १७९१ साली लागला होता, पण त्याला नाव दिलं क्लापरोट यांनीच, १७९५ साली. केरळात चवरा इथल्या समुद्रकाठच्या काळ्या वाळूत दोघांचीही खनिजं एकत्र सापडतात. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही टायटॅनियमचं इल्मेनाइट आहेच.

मग सिरॅमिकचा इम्प्लांट आजकालचा शोध आहे का? नाही. १९६० च्या दशकातच स्वित्झर्लंडमध्ये सांडहाउस यांनी ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा स्क्रू करून पाहिला होता. १९७० च्या दशकात जर्मनीत ट्युबिंगनच्या विली शुल्टे यांनी दात काढल्या काढल्या त्याच खोबणीत बसवायचा ॲल्युमिनाचा इम्प्लांट आणला. दिसायला सुरेख, हिरडीला मानवणारा. पण ॲल्युमिना ठिसूळ, आणि चावताना दातावर येणारा जोर थोडाथोडका नसतो. काही इम्प्लांट मोडले. त्या मालिकेची पुढची आवृत्ती निघाली ती टायटॅनियमची. सिरॅमिकवाल्यांनी स्वतःहून धातूकडे वळावं, याहून बोलका पुरावा त्या काळात दुसरा नव्हता.

झिरकोनियाने सिरॅमिकला पुन्हा उभं केलं. १९७५ साली ऑस्ट्रेलियात गार्वी आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये लेख लिहिला, त्याचं शीर्षकच 'सिरॅमिक पोलाद?' असं प्रश्नचिन्हासकट होतं. झिरकोनियाचे स्फटिक तापमानाप्रमाणे आपली रचना बदलतात. त्यात थोडा इट्रिया, म्हणजे इट्रियमचं ऑक्साइड, मिसळला की भट्टीतल्या उष्णतेची रचना थंड झाल्यावरही अडवून धरता येते. मग कुठे तडा जाऊ लागला की तड्याच्या टोकाशी असलेले स्फटिक अडवलेली रचना सोडतात, चारेक टक्क्यांनी फुगतात आणि तड्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. तडा तिथेच थबकतो. काचेला किंवा चिनी मातीला ही सोय नाही.

पण या गुणाचीच एक उलटी बाजू आहे. ओलाव्यात, वर्षानुवर्षं, पृष्ठभागावरचे स्फटिक तडा नसतानाही हळूहळू रचना बदलू शकतात आणि तिथून पदार्थ कमकुवत होतो. २००१ साली फ्रान्समधल्या एका कंपनीला खुब्याच्या कृत्रिम सांध्यांत बसवलेले झिरकोनियाचे गोळे परत मागवावे लागले. भट्टी बदलली होती. नव्या बोगदा-भट्टीत भाजलेल्या काही खेपांतले गोळे शरीरात फुटू लागले. दाताचा इम्प्लांट खुब्याच्या गोळ्यासारखा नसतो, आणि त्यानंतर उत्पादन बरंच सुधारलं आहे. तरी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवण्यासारखी आहे: सिरॅमिकमध्ये भट्टी, भुकटी आणि कारखाना यांवर जेवढं अवलंबून असतं, तेवढं 'झिरकोनिया' या नावावर नसतं. कारखान्याचं नाव न सांगता फक्त 'इम्पोर्टेड झिरकोनिया' म्हणणाऱ्याला ते नाव जरूर विचारावं.

तोंडात या दोघांचं वागणं कसं? टायटॅनियम थोडं लवतं, झिरकोनिया जवळपास लवत नाही. त्याची ताठरता टायटॅनियमच्या सुमारे दुप्पट, आणि हाडाच्या दहापटीहून अधिक. एरवी हे चालून जातं. पण झोपेत करकरा दात खाणाऱ्याच्या दाढेत, किंवा अरुंद जागेत बसवलेल्या बारीक व्यासाच्या स्क्रूवर धोका वाढतो. टायटॅनियममध्ये जोडतुकडा धरून ठेवणारा बारीक स्क्रू सैल झाला तर पुन्हा आवळता येतो. झिरकोनियाचा इम्प्लांट हाडात मोडला तर उरलेला तुकडा हाडासकट कोरून काढावा लागतो. बराच काळ झिरकोनियाचे इम्प्लांट एकसंध, म्हणजे स्क्रू आणि जोडतुकडा एकाच अंगाचे असत. स्क्रूची दिशा जराशी चुकली तर जोडतुकडा वाकवता येत नाही, आणि तोंडात घासून आकार द्यावा तर घासण्याने बारीक तडे पडू शकतात. कॅपही सिमेंटनेच चिकटवावी लागते, आणि हिरडीखाली सुटलेला सिमेंटचा कण हे दाहाचं एक नेहमीचं कारण आहे. दोन तुकड्यांचे झिरकोनिया इम्प्लांट आता मिळतात, पण त्यांचा दीर्घ अनुभव टायटॅनियमच्या तुलनेत लहान आहे. टायटॅनियमचे दहा वर्षांचे निकाल भरपूर आहेत: शंभरांतले पंचाण्णवच्या आसपास तोवर टिकलेले असतात. झिरकोनियाचे पाच वर्षांपर्यंतचे आकडे त्याच्या जवळ जातात. पुढचा काळ अजून भरतो आहे.

झिरकोनियाची खरी जागा आहे ती वरच्या पुढच्या दातांत, पातळ हिरडी असलेल्या माणसात. पातळ हिरडीतून टायटॅनियमची करडी छटा दिसू शकते. हसताना वरची हिरडी उघडी पडत असेल तर ती डोळ्यांत भरते. झिरकोनिया पांढरं, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर दातांवरचं किटण थोडं कमी चिकटतं असंही काही अभ्यासांत दिसलं आहे. पण यावर मधला मार्ग आहे आणि तो फार वापरात आहे: हाडात टायटॅनियम, हिरडीतून वर येणारा जोडतुकडा झिरकोनियाचा. माझं मत विचाराल तर दाढेसाठी टायटॅनियम, आणि पुढच्या दातासाठी आधी हा मधला मार्ग. पूर्ण सिरॅमिक तेव्हाच, जेव्हा मनात त्याचं ठोस कारण असेल आणि डॉक्टरने असे बरेच बसवलेले असतील.

'शरीरात धातू नको' हे ते ठोस कारण होऊ शकतं का? टायटॅनियमची ॲलर्जी असते, पण अगदी विरळ. निकेलची, खोट्या दागिन्यांची ॲलर्जी असलेल्या बाईला टायटॅनियमचीही असेलच असं नाही. शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे आधी चाचणी करावी. दाह झालेल्या इम्प्लांटभोवती टायटॅनियमचे कण सापडतात हे खरं आहे, पण कणांमुळे दाह होतो की दाहामुळे कण सुटतात यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. 'एमआरआय करता येणार नाही' ही भीती निराधार आहे. टायटॅनियम चुंबकाला ओढलं जात नाही, फार तर त्या जागेजवळची प्रतिमा थोडी विस्कटते. उलट जबड्याच्या त्रिमितीय सीबीसीटी स्कॅनमध्ये जास्त चकाकी मारतं ते झिरकोनिया. ज्याला धातू मनातूनच नको आहे, त्याला नको म्हणायचा हक्क आहे. त्याने जादा खर्च करताना हा निर्णय मनाच्या समाधानासाठी आहे एवढं ओळखलं की पुरे.

पांढुर्णा-सौंसरच्या या पट्ट्यात इम्प्लांट निकामी होतात ते स्क्रू कशाचा यापेक्षा वेगळ्याच कारणांनी, आणि त्यातलं पहिलं नाव खर्रा. तंबाखू, सुपारी, चुना घोटून केलेली ती पुडी नागपूर-वर्ध्यापासून इथपर्यंत सगळीकडे मिळते. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा घटतो, जखम उशिरा भरते, हाड स्क्रूला नीट धरत नाही. सुपारीचं काम याहून चिवट आहे. तिच्यातला ॲरेकोलिन गालाच्या आतल्या त्वचेखाली तंतू साठवत जातो, गाल ताठ होतात आणि तोंड उघडणं कमी होत जातं. एकावर एक उभी तीन बोटं तोंडात मावायला हवीत. ज्याची दोनही मावत नाहीत त्याच्या दाढेपर्यंत ड्रिल पोचणारच कसं? अशा माणसाशी टायटॅनियम की झिरकोनिया याची चर्चा करण्यात वेळ घालवू नये. त्याला आधी तोंडाच्या तपासणीला पाठवावं, कारण ताठ झालेला गाल ही कर्करोगाच्या आधीची अवस्था ठरू शकते. दुसरं कारण साखर. 'तीन महिन्यांची साखर' म्हणजे HbA1c, सात टक्क्यांच्या आसपास असेल तर काम चालतं. दहा-अकरा असेल तर स्क्रू कुठलाही असो, थांबावं.

तिसरं कारण डॉक्टरच्या हातात असतं. हाडात भोक पाडताना घर्षणाने उष्णता होते, आणि हाड ४७ अंश सेल्सियसवर मिनिटभर राहिलं तर तिथल्या पेशी मरतात. म्हणून ड्रिल सावकाश, धारदार आणि सलाइनच्या धारेखाली चालवायचं असतं. घाईत, बोथट ड्रिलने केलेल्या भोकात जगातला महागडा स्क्रूही सैल होतो.

पांढुर्णा आणि सौंसर २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्हा झाले. तरी दाताच्या मोठ्या कामासाठी माणूस नागपूरकडेच पाहतो. १९५६ पर्यंत नागपूर याच राज्याची, म्हणजे मध्य प्रदेशाची, राजधानी होतं. राज्यं बदलली, रेल्वेची दिशा बदलली नाही. तिथलं शासकीय दंत महाविद्यालय १९६८ चं आहे, खासगी दवाखाने तर असंख्य. पांढुर्ण्याहून ते अंतर सुमारे शंभर किलोमीटर, आणि इम्प्लांट एका फेरीत होत नाही: तपासणी आणि स्कॅन, स्क्रू बसवणं, टाके काढणं, मग तीन ते सहा महिने हाड जुळण्याची वाट, नंतर माप आणि कॅप. पुढेही दर सहा महिन्यांनी सफाई आणि तपासणी. इम्प्लांटभोवतीच्या हिरडीचा दाह झाला तर सुरुवातीला दुखत नाही. ब्रश करताना रक्त येतं, आणि ते 'उष्णतेने' म्हणून सोडून दिलं जातं. दाह हाडात उतरला की मग स्क्रू झिरकोनियाचा होता की टायटॅनियमचा याने फारसा फरक पडत नाही.

म्हणून अंतराचा हिशेब निवडीत धरावा लागतो. टायटॅनियमच्या नावाजलेल्या कंपन्यांचे सुटे भाग नागपुरात सहज मिळतात, आणि दूरच्या गावातला डॉक्टरही सैल झालेली कॅप आवळू शकतो. तेही एका अटीवर: कुठला इम्प्लांट आहे हे त्याला कळलं पाहिजे. प्रत्येक कंपनीचा जोड वेगळा, आवळण्याच्या चावीचं टोक वेगळं. एकाचं षट्‌कोनी, दुसऱ्याचं ताऱ्यासारखं. चुकीची चावी फिरवली की स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग तो निघतच नाही. स्क्रूच्या डबीवर एक स्टिकर असतो: कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, बॅच क्रमांक. तो रुग्णाच्या कार्डावर चिकटवून द्यायचा असतो. दिला नाही तर मागून घ्यावा, मोबाइलवर फोटो काढावा आणि कार्ड आधार कार्डाच्या पिशवीतच ठेवावं.